सर्वानुमते मंजूर : ठरावाची भाषा आणि आपली समीक्षा

ग्रामपंचायतीचा ठराव आणि तिचे अंदाजपत्रक हे समीक्षेचे विषय होऊ शकतात काय, असा प्रश्न विद्यापीठीय समीक्षक विचारतील. कविता, कथा, आत्मकथन यांच्या पंक्तीला जमाखर्चाचा कागद बसविला तर त्यांना विटाळ झाल्यासारखे वाटेल. पण ज्या समाजाचे जगणे शतकानुशतके दुसऱ्यांनी केलेल्या नोंदींनी ठरविले, त्या समाजाने नोंदीची भाषा वाचायची नाही तर काय वाचायचे? मी हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा परिसरातला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. आज त्याच कॉलेजच्या वर्गांत मराठी शिकवतो. माझ्या विषयाने मला कर्तरी आणि कर्मणी प्रयोगातला फरक शिकविला. त्या फरकाचा खरा अर्थ मात्र मला ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंग बुकात सापडला.

गावाचे अंदाजपत्रक ही काही नवी गोष्ट नव्हे. बलुते हे गावाचे जुने अंदाजपत्रकच होते. कोणी कोणते काम करायचे आणि खळ्यावर कोणाला किती द्यायचे, हे त्यात ठरलेले असे. मोल्सवर्थच्या कोशात बलुतेदारांच्या तीन ओळी दिल्या आहेत आणि थोरल्या ओळीत सुतार-लोहारांबरोबर महार आणि मांग यांची नावे आहेत. हिशेबात थोरल्या ओळीत आणि वस्तीत मात्र वेशीबाहेर! ती ओळ राबण्याची होती, मताची नव्हती. आपला वाटा किती, हे विचारण्याचा अधिकार त्या ओळीत कुठेही नव्हता.

बाबासाहेबांनी हे दुखणे फार आधी ओळखले होते. १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतीचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. प्रौढ मताधिकार दिला म्हणजे अस्पृश्यांचे रक्षण झाले, हे त्यांना मान्य नव्हते. गावात अल्पसंख्य असलेल्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व हवे, हा त्यांचा आग्रह होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याच्या गौरवगानावर जो प्रहार केला तो सर्वांना ठाऊक आहे. तरीही त्याच महिन्यात ग्रामपंचायतींचे कलम घटनेत आले. पुढे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा झाला, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अंमलात आली. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या, सरपंचपदे राखीव झाली. बाबासाहेबांनी १९३२ साली जे मागितले होते, त्यातले काही साठ वर्षांनी कायद्यात उतरले. आपला माणूस खुर्चीवर बसला. प्रश्न असा की, वाक्यात तो कुठे बसला?

ठरावाचे वाक्य पाहा : 'सदर विषयावर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर करण्यात आले.' चर्चा कोणी केली? मंजूर कोणी केले? विरोध कोणी केला? या वाक्याला कर्ताच नाही. कर्ता नसलेल्या वाक्याला जाब विचारता येत नाही. 'सर्वानुमते' हा शब्द वरवर लोकशाहीचा वाटतो, पण त्याचे काम गप्प राहिलेल्यांचे मौन संमती म्हणून जमा करून घेणे हेच असते. माझ्या वडिलांना अक्षरओळख नव्हती. आमच्या भागातल्या एका गावच्या ग्रामसभेत ते एकदा बोलले. नळाची लाइन आमच्या वस्तीच्या अलीकडे का थांबते, एवढेच त्यांनी विचारले. हजेरीच्या वहीत त्यांचा अंगठा आहे. ठरावाच्या वहीत त्यांचा प्रश्न नाही. अंगठा गणपूर्तीच्या उपयोगी पडला. तोंड मात्र कोणाच्याच उपयोगाचे नव्हते.

आणि गणपूर्ती तरी किती? एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट लागत नाही. म्हणजे गाव आले नाही तरी गावाचा ठराव होतो! शेतमजुराची रोजी बुडेल अशा वेळी सभा ठेवली की पुढचे काम हा नियमच करतो. यात कोणाला कायदा मोडावा लागत नाही. जातीला आता लाठी घ्यावी लागत नाही. तिला वेळापत्रक पुरते.

ठराव आणि अंमल यांच्यातले अंतर हा तर आपल्या चळवळीचा इतिहासच आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण पाण्याला कोणी हात लावू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तो ठराव ओंजळीने अंमलात आणला. मग काय झाले? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात सत्याग्रहाची तयारी झाली, तर कोर्टाचा मनाई हुकूम आला. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात निश्चित व्हायला १९३७ साल उजाडले. मराठवाड्याला हे नव्याने सांगायला नको. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव मंजूर केला आणि गावोगाव वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांचे बळी गेले. ठराव अंमलात आला १४ जानेवारी १९९४ रोजी, तोही नामविस्तार म्हणून. आपल्या बाजूचा ठराव अंमलात यायला पिढी जाते. आपल्या विरुद्धचा ठराव त्याच संध्याकाळी अंमलात येतो. ठराव वाचायचा तो ही तारीख आणि ती तारीख शेजारी ठेवूनच.

आता अंदाजपत्रकाकडे वळू. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करावी, असा नियम आहे. कागदावर हे शीर्षक बहुधा 'मागासवर्गीय कल्याण' असे असते. हा 'कल्याण' शब्द नीट पाहिला पाहिजे. गावाच्या दिवाबत्तीला कोणी कल्याण म्हणत नाही, गावाच्या गटाराला कोणी कल्याण म्हणत नाही. ती गावाची कामे असतात. आमच्या वस्तीत दिवा लागला की तेच काम कल्याण होते. जे इतरांना नागरिक म्हणून मिळते ते आम्हाला उपकार म्हणून मिळावे, हे त्या एका शब्दाने साधते. शिवाय गावाच्या सर्वसाधारण निधीतून आमच्या वस्तीत काम का झाले नाही, हा प्रश्नही त्या शीर्षकामुळे विचारला जात नाही. 'तुमचे पंधरा टक्के आहेत ना!' असे उत्तर तयार असते. जणू उरलेल्या पंच्याऐंशी टक्क्यांत आम्ही गावाचे कोणी लागत नाही. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तो स्वागतार्हच आहे. परंतु पाटी बदलली आणि शीर्षक तसेच राहिले, तर वेस फक्त रस्त्यावरून वहीत गेली, एवढेच म्हणावे लागेल.

या वहीकडे मराठी साहित्याने पाहिले काय? त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा'त वतने, हक्क, बलुती यांची तपशीलवार नोंद केली, पण ती अंमलदाराच्या नजरेने. पुढच्या ग्रामीण कथेने गावच्या पुढाऱ्याला विनोदाचा विषय केले. निवडणुकीची गंमत रंगली, निवडणुकीनंतरच्या मार्च महिन्याचा हिशेब कोणी मांडला नाही. 'सामना' चित्रपटाने मारुती कांबळे नावाच्या नाहीशा झालेल्या माणसाचा जाब सत्तेला विचारला. नाहीशा होणाऱ्या निधीचा जाब विचारणारी कलाकृती क्वचितच दिसते. दया पवारांच्या 'बलुतं'ने १९७८ साली जुन्या अंदाजपत्रकाची साक्ष आतून दिली, हे त्याचे ऐतिहासिक मोल आहे. मात्र नव्या अंदाजपत्रकाची साक्ष आपल्या साहित्यातही अजून पुरेशी आलेली नाही. राखीव जागेवर सरपंच झालेला, धनादेशावर सही करणारा आणि सही नाकारताच अविश्वास ठरावाला सामोरा जाणारा आपला माणूस कुठे आहे? २०११ साली महाराष्ट्राने स्त्रियांना निम्म्या जागा दिल्या. त्या खुर्चीवर बसलेली आपली बाई, तिच्या शेजारी बसून बोलणारा तिचा नवरा आणि कागद पुढे सरकवणारा ग्रामसेवक, हा अनुभव कोण लिहिणार? वेदना आणि विद्रोह आपण लिहिला. सत्तेच्या दारात उभे राहिल्यावर होणारी कोंडी लिहायची बाकी आहे. ती भाकरीइतकीच खरी आहे.

काही मित्र म्हणतील, हे काम कार्यकर्त्याचे, लेखकाचे नव्हे. मला हा भेद मान्य नाही. शब्दाचा खोटेपणा ओळखणे हेच समीक्षेचे काम असेल, तर 'सर्वानुमते' या शब्दाइतका खोटा शब्द दुसरा शोधावा लागेल. २००५ च्या माहिती अधिकाराने ठरावाची नक्कल मागण्याचा हक्क दिला आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा आहेत. अंदाजपत्रक म्हणजे नमुना १ आहे, घराच्या कर आकारणीची वही नमुना ८ आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी हे कागद वाचावेत. शिक्षकांनी ते वर्गात आणावेत आणि प्रत्येक वाक्याला कर्ता शोधायला लावावा. ग्रामसभेत बसलेल्या आपल्या माणसाने बोलून थांबू नये. 'माझे म्हणणे लिहा, माझा विरोध माझ्या नावानिशी लिहा,' असा आग्रह धरावा आणि लिहिलेले वाचून दाखविल्याशिवाय अंगठा देऊ नये. 'सर्वानुमते' या शब्दाच्या जागी ज्या दिवशी 'अमुक यांचा विरोध' असे शब्द वहीत उमटतील, त्या दिवशी त्या वाक्याला प्रथमच कर्ता मिळेल.