प्रदेशाविना प्रादेशिक : अ‍ॅव्हेडन यांची व्यक्तिचित्रे

मराठीत ‘व्यक्तिचित्र’ ही संज्ञा शब्दांत रेखाटलेल्या माणसासाठी जशी वापरली जाते, तशीच ती रंगांत किंवा छायाचित्रात साकारलेल्या माणसासाठीही वापरली जाते. संज्ञा एक असली तरी दोन्हींकडे आपण सारख्या दृष्टीने पाहत नाही. शब्दचित्रातील माणूस लेखकाने घडविलेला असतो हे आपण मान्य करतो. छायाचित्रातील माणूस मात्र साक्षात आपल्यापुढे उभा आहे, त्याला शब्दांची गरज नाही, असे मानतो. ही समजूत कितपत टिकते हे तपासण्यासाठी रिचर्ड अ‍ॅव्हेडन (१९२३–२००४) या अमेरिकन छायाचित्रकाराचे ‘इन द अमेरिकन वेस्ट’ हे प्रदर्शन विशेष उपयुक्त आहे.

टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथील अ‍ॅमन कार्टर संग्रहालयाने सोपविलेल्या या कामासाठी अ‍ॅव्हेडन १९७९ ते १९८४ या काळात पश्चिमेकडील अनेक राज्यांत हिंडले. त्यांनी साडेसातशे माणसांची छायाचित्रे घेतली. त्यांतून निवडलेली शंभराहून अधिक चित्रे १९८५ मध्ये फोर्ट वर्थ येथे मांडली गेली आणि पुढे वॉशिंग्टन, सॅन फ्रान्सिस्को, शिकागो, बॉस्टन, अटलांटा अशा शहरांत फिरली. खाणकामगार, तेलविहिरींवरचे मजूर, खाटीकखान्यातील कामगार, उपाहारगृहातील परिचारिका, बेघर भटके अशी ही माणसे. पद्धत सर्वत्र एकच होती : सावलीत भिंतीवर पांढरा कागद लावायचा, माणसाला त्याच्यापुढे उभे करायचे आणि आपण मोठ्या कॅमेऱ्याच्या मागे न लपता त्याला लागून, समोरच्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात उभे राहायचे.

प्रदर्शनाच्या शीर्षकात प्रदेश आहे, पण चित्रांत तो कोठेही नाही. ना डोंगर, ना माळरान, ना खाण, ना घर. या अभावाचे कार्य दुहेरी आहे. चित्रपटांनी आणि निसर्गचित्रांनी रचलेली पश्चिमेची भव्य मिथ्यकथा पांढरा कागद पुसून टाकतो, आणि माणूस त्या नेपथ्यातून मुक्त होतो. परंतु तोच कागद त्याला त्याच्या कामापासून, नात्यांपासून आणि इतिहासापासूनही तोडतो. कोळशाची काजळी ज्या श्रमातून अंगावर बसली तो श्रम दृष्टीआड होतो. उरते ती त्वचेवरील काळ्या छटांची पोत. फॅशनच्या नियतकालिकांत ख्याती मिळविलेल्या छायाचित्रकाराने कष्टकऱ्यांच्या देहाला सौंदर्यवस्तू केले, हा आक्षेप येथेच उगम पावतो.

तोडलेला हा संबंध पुन्हा जोडण्याचे काम शब्दांकडे येते. प्रत्येक चित्राखाली नाव, व्यवसाय, गाव आणि तारीख एवढीच नोंद असते. रोलाँ बार्त यांनी १९६४ मधील एका निबंधात असे दाखविले की, प्रतिमेच्या अनेक संभाव्य अर्थांना सोबतचा मजकूर एका जागी बांधून ठेवतो. येथे तर मजकूर त्याहून अधिक करतो : चित्रात नसलेला प्रदेश तो पुरवतो. ‘पश्चिम’ आपण पाहत नाही, वाचतो.

ही नोंद कितपत विश्वसनीय आहे? प्रदर्शनातील सर्वांत परिचित चित्र एका मधुमक्षिकापालकाचे आहे. उघड्या अंगावर, डोक्यावर, चेहऱ्यावर मधमाश्या बसलेल्या आहेत आणि तो स्थिर उभा आहे. या चित्राची कल्पना आधी ठरली होती. मधमाशीपालनाच्या नियतकालिकात जाहिरात देऊन माणूस शोधला गेला. राणीमाशीच्या गंधद्रव्याच्या साहाय्याने माश्या त्याच्या अंगावर आणल्या गेल्या. नोंदीत कॅलिफोर्नियातील गावाचे नाव आहे, पण हा माणूस इलिनॉयमधून आलेला होता. नोंद खोटी नाही. चित्र तेथेच घेतले गेले. मात्र चित्रीकरणाचे स्थळ हे वाचक निवासाचे स्थळ म्हणून वाचतो, आणि प्रदर्शनाचे शीर्षक त्याला तसे वाचायला लावते.

व्यक्तिचित्र हे सत्य नसून मत असते, असे अ‍ॅव्हेडन स्वतः मानत. या भूमिकेने त्यांचा बचाव होतो असे सामान्यतः समजले जाते. माझ्या मते ती पुरेशी नाही. चित्र मत मांडत असेल, तर त्याखालचे शब्द दस्तऐवजाच्या भाषेत का बोलतात? मत छायाचित्रकाराचे आणि त्याला लाभणारी प्रामाणिकता मात्र त्या माणसाच्या नावागावाची, अशी ही वाटणी आहे.

व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘माणदेशी माणसं’शी (१९४९) तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. तेथेही शीर्षकात प्रदेश आहे. पण तो माणसांच्या बोलीतून, व्यवहारातून, दारिद्र्याच्या तपशिलातून संहितेत उतरतो. ती माणसेही लेखकानेच घडविलेली आहेत. परंतु घडविणारा निवेदक वाचकाला दिसतो, त्याचा त्या माणसांशी असलेला संबंध तपासता येतो. अ‍ॅव्हेडन यांची माणसे बोलत नाहीत. ती पाहतात, आणि त्या पाहण्यात कधी कधी प्रतिकारही असतो. पण ज्याच्याकडे ती पाहतात तो चौकटीबाहेर राहतो. महानगरातील कलादालनात त्याच्या जागी प्रेक्षक येऊन उभा राहतो, आणि ती नजर आपल्यासाठीच आहे असे त्याला वाटते.

म्हणून छायाचित्रातील व्यक्तिचित्राची समीक्षा चौकटीच्या कडेशी थांबू शकत नाही. माणसाचे नाव, गाव आणि धंदा कोणी लिहिला, त्या शब्दांनी चित्रातील कोणती उणीव भरून काढली, आणि हे लिहिताना त्या माणसाला काही म्हणता आले का, हे प्रश्न समीक्षेने विचारले पाहिजेत. ते न विचारता चित्राच्या प्रभावाचे वर्णन करीत राहणे म्हणजे खालची ओळ न वाचताच तिच्यावर विश्वास ठेवणे होय.