भावाच्या घरी फुललेला बदाम

निळ्या आकाशावर बदामाच्या फांद्या पसरल्या आहेत. फांद्यांवर पानं जवळजवळ नाहीतच, आहेत ती फुलं. काही पूर्ण उमललेली, काही अर्धी, काही अजून कळीतच. साधारण 73 बाय 92 सेंटीमीटरच्या या तैलचित्रात याखेरीज काहीही नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं ते फेब्रुवारी 1890 मध्ये, दक्षिण फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना रंगवलं. आज ते ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. कॅलेंडरं, मोबाइलची कव्हरं, उशांचे अभ्रे यांवरून ते जगभर पोहोचलं, आणि म्हणूनच ‘छान फुलांचं चित्र’ म्हणून नजरेखालून सहज निसटूनही जातं. पण हे चित्र एका भावानं दुसऱ्या भावाच्या घरासाठी काढलं आहे. ते कोणासाठी आहे हे मनात धरून पाहिलं, की त्यातली एकेक गोष्ट बोलू लागते.

31 जानेवारी 1890 रोजी पॅरिसमध्ये व्हिन्सेंटचा भाऊ थिओ आणि त्याची बायको योहाना यांना मुलगा झाला. थिओनं बाळाला थोरल्या भावाचं नाव दिलं आणि हा मुलगा तुझ्यासारखाच जिद्दी, धीराचा होवो, अशी इच्छा पत्रातून कळवली. ज्याचं एकही चित्र धड विकलं जात नव्हतं, जो स्वतःहून रुग्णालयात दाखल झाला होता, त्या भावासारखा माझा मुलगा व्हावा, असं म्हणणारा हा धाकटा भाऊ. व्हिन्सेंटला वाटत होतं, बाळाला आपल्या वडिलांचं नाव ठेवायला हवं होतं. तसं त्यानं आईला लिहिलंही. पण त्याच पत्रात त्यानं पुढची गोष्ट सांगितली: बाळाच्या आईवडिलांच्या झोपायच्या खोलीत लावण्यासाठी एक चित्र सुरू केलं आहे, निळ्या आभाळावर बदामाच्या पांढऱ्या बहराच्या मोठ्या फांद्या.

मी आणि ताई चाळीसगावची. ॲमस्टरडॅमला छोट्या सुट्टीवर गेलो ते रेम्ब्रांटच्या ओढीनं. त्या ओढीचं मूळ आमच्या गावातच आहे. टेबलटॉप छायाचित्रणानं नाव कमावलेले केकी मूस युरोप पाहून चाळीसगावला परतले आणि जवळजवळ पन्नास वर्षं आपल्या बंगल्याबाहेर क्वचितच पडले. त्या बंगल्याला त्यांनी रेम्ब्रांटचं नाव दिलं होतं. तेव्हा रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ हे चित्र पाहणं आमच्यासाठी ठरलेलंच होतं. पण दोघांचे पाय खरे खिळले ते बदामाच्या बहरापुढे. ताई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “याला खाली जमीनच नाही रे.”

तिचं हे वाक्य म्हणजे चित्रात शिरायची वाटच आहे. या चित्रात जमीन नाही, बुंधा नाही, क्षितिज नाही. फांद्या चौकटीच्या कडेवरून आत येतात आणि कडेवरच कापल्या जातात. उभ्या माणसाला झाड असं दिसत नाही. त्याला आधी खोड दिसतं, मग डोलारा. फक्त फांद्या आणि आकाश दिसतं ते झाडाखाली उताणं निजलेल्याला. ज्या बाळासाठी हे चित्र काढलं, ते दिवसाचा बहुतेक वेळ उताणंच निजलेलं होतं. चित्रकारानं असा विचार करून मांडणी केली की नाही, त्याचा आग्रह मी धरणार नाही. चित्र मात्र पाहणाऱ्याला पाळण्यातली नजर देतं, हे मला अगदी खरं वाटतं. मोठ्या माणसाचं जग त्यानं चौकटीबाहेर ठेवलं आहे.

आता फांद्या पाहाव्यात. त्या कोवळ्या नाहीत. गाठाळ, वाकड्या, हिरवट-करड्या रंगाच्या, गडद रेघेनं बांधलेल्या आहेत. जागोजागी त्या कोन करून वळतात, जणू प्रत्येक वळणावर हिवाळ्यानं अडवलं होतं. आमच्याकडच्या पाटणादेवीच्या डोंगरात फाल्गुनात पळस असाच दिसतो, पान झडलेल्या काळपट फांदीवर आधी फूल. बदामाचंही तेच. दक्षिण फ्रान्समध्ये थंडी पुरती सरण्याआधी, फेब्रुवारीतच तो फुलतो, पानं मागाहून येतात. बाळाच्या जन्मासाठी व्हिन्सेंटनं गुलाब किंवा सूर्यफूल निवडलं नाही, थंडीतच धीर करून फुलणारं झाड निवडलं. थिओनं पत्रात जे मागितलं होतं, त्याला हे रंगांतून दिलेलं उत्तर आहे.

फुलांकडे जवळून पाहिलं तर एकही दुसऱ्यासारखं नाही. कुठं पाकळ्या समोरून, कुठं बाजूनं, कुठं मागचा देठ पुढे. रंगाचे जाड, छोटे थर एकावर एक ठेवले आहेत. त्याच्याच ‘तारांकित रात्र’मध्ये ब्रश आभाळभर भोवऱ्यांसारखा फिरतो, इथं तो प्रत्येक फुलापाशी थांबतो. मागचं आकाशही सपाट भरलेलं नाही. फांद्यांच्या मधल्या लहान लहान जागा निळ्या-हिरवट रंगानं जपून भरल्या आहेत, फुलाची कड न दुखावता. सर्वात शांतपणे आणि चिकाटीनं केलेल्या कामांत व्हिन्सेंट या चित्राची गणना करत असे. त्यानंतर लगेच आजारानं पुन्हा उचल खाल्ली. सावरेपर्यंत बदामाचा बहर ओसरून गेला होता.

ठळक बाह्यरेषा, सावलीविना रंग, चौकटीनं तोडलेली फांदी ही सगळी जपानी छापचित्रांची देणगी. पण ती व्हिन्सेंट एकट्याची शिकवणी नव्हती. 1886 ते 1888 या काळात दोघे भाऊ पॅरिसमध्ये एकत्र राहत होते, तेव्हा दोघांनी मिळून अशी छापचित्रं शेकड्यांनी जमवली. म्हणून थिओला हे चित्र वाचायला शिकावं लागलं नसणार. एकाच खोलीत बसून, एकच कागद हातात घेऊन दोघांनी जी भाषा आत्मसात केली, तिच्यातच हे चित्र लिहिलं आहे. भावंडांमध्ये अशी एक समाईक भाषा असते, आणि ती घडलेली असते जुन्या सहवासात.

आज फुलं पांढरी दिसतात. मुळात ती अधिक गुलाबी होती. व्हिन्सेंटनं वापरलेला तांबडा रंग उजेडानं विटत गेला. पांढरा आणि निळा यांची आज भासणारी थंड शांतता काही अंशी काळाची आहे. पाळण्यातल्या बाळानं पाहिलेला बहर याहून उबदार होता.

चित्र पॅरिसला पोहोचलं आणि पाठोपाठ व्हिन्सेंटही आला. 17 मे 1890 ला तो थिओच्या घरी उतरला आणि 20 तारखेला ओव्हेर या गावी निघून गेला. तीनच दिवस. योहानानं त्या दिवसांची आठवण लिहून ठेवली आहे. तिला आजारी माणूस येईल असं वाटलं होतं. आला तो रुंद खांद्यांचा, चेहऱ्यावर तजेला असलेला माणूस. दोघे भाऊ पाळण्यापाशी गेले, झोपलेल्या बाळाकडे पाहत राहिले, दोघांचे डोळे भरले. मग व्हिन्सेंट हसून वहिनीला म्हणाला, बाळावर इतकी लेस घालू नकोस. तो बाहेर जाऊन ऑलिव्ह घेऊन आला आणि सगळ्यांना खायला लावले. घरभर, पलंगाखाली, सोफ्याखाली त्याचीच चित्रं रचलेली होती, ती जमिनीवर पसरून त्यानं पाहिली.

29 जुलैला व्हिन्सेंट गेला. थिओही 25 जानेवारी 1891 ला गेला. ओव्हेरच्या दफनभूमीत 1914 पासून दोघे शेजारी शेजारी आहेत, आणि त्याच वर्षी योहानानं त्यांची पत्रं प्रसिद्ध केली. पाळण्यातलं बाळ पुढे अभियंता झालं. काकाच्या चित्रांचा वारसा एकत्र राहावा म्हणून त्यानं आयुष्याचा मोठा काळ वेचला, आणि 1973 मध्ये ॲमस्टरडॅमचं संग्रहालय उघडलं. एका बाळासाठी काढलेलं चित्र त्या बाळानंच जगाच्या हाती दिलं.

हे माहीत झाल्यावर चित्रातली प्रसन्नता मला आणखी मोलाची वाटते. ती दुःख न पाहिलेल्या माणसाची नाही. रुग्णालयातल्या माणसानं आपलं दुखणं बाजूला ठेवून भावाच्या घरात काय जावं, हे निवडलं आहे. कलेत स्वतःला व्यक्त करणं मोठं खरंच. पण ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्यासाठी नेमकं काय काढावं हे कळणं, ही कलेची त्याहून वरची पायरी आहे. ‘बदामाचा बहर’ त्या पायरीवर उभा आहे.

परदेशातल्या छोट्या सुट्टीत पाहायच्या ठिकाणांची यादी फार लांब असते. भावंडाबरोबर गेलात तर ती थोडी कापा आणि एका चित्रापुढे दोघांनी मिळून वेळ घालवा. एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. आणि त्यासाठी विमान पकडलंच पाहिजे असं नाही. चाळीसगावात केकी मूस यांचं घर आज संग्रहालय आहे. बहिणीला, भावाला घेऊन आधी तिथं जा.