दुरुस्तीतून घडणारी निष्ठा : मोटारसायकल आणि तिचा स्वार यांच्या नात्याचे तौलनिक वाचन

१

विशिष्ट मार्क्याच्या मोटारसायकलीवर स्वाराची निष्ठा का जडते, हा प्रश्न सहसा विपणनशास्त्राकडे सोपवला जातो. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे, याला एक कारण आहे. विक्रीच्या आकड्यांवरून फार तर इतकेच कळते की एका माणसाने तीच गाडी पुन्हा घेतली. ती सवयीने घेतली, नाइलाजाने घेतली की निष्ठेने, हे आकडे सांगू शकत नाहीत. निष्ठा कळते ती बोलण्यातून : गाडीला दिलेल्या नावातून, तिच्या खोडींच्या वर्णनातून, एखाद्या घाटात तिने दिलेल्या साथीच्या किंवा दग्याच्या कथेतून. निष्ठा हे मुळात कथन आहे आणि कथनाचे वाचन हे आपले काम आहे.

हा विचार मनात आला तो दक्षिण दिल्लीतील मुनिरका गावात. टोकस जाटांचे हे जुने गाव. त्याच्या जमिनींवर शहर वाढले आणि गावठाणात भाड्याच्या खोल्यांचे मजले चढले. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील अनेक मराठी विद्यार्थी या खोल्यांतून राहत आले आहेत. तेथील एका मिस्त्रीच्या दुकानापुढे एकदा दोन गाड्या उभ्या होत्या : सोलापूरच्या क्रमांकाची एक जुनी बुलेट आणि दिल्लीच्या क्रमांकाची एक स्प्लेंडर. बुलेटचा तरुण मालक तिच्या आजाराविषयी मिस्त्रीशी अर्धा तास बोलत राहिला. स्प्लेंडरच्या मालकाने किल्ली दिली, संध्याकाळी येतो म्हणाला आणि निघून गेला. या दोघांपैकी निष्ठावान कोण? उत्तर वाटते तितके उघड नाही.

उपभोगविषयक अभ्यासांनी या प्रश्नाची दखल घेतली आहे. शाउटन आणि मॅकअलेक्झांडर यांनी १९९५ साली हार्ले-डेव्हिडसनच्या स्वारांचा उपसंस्कृती म्हणून अभ्यास मांडला. म्युनिझ आणि ओ'गिन यांनी २००१ साली मार्क्याभोवती जमणाऱ्या समुदायाची तीन लक्षणे सांगितली : आपलेपणाची जाणीव, सामायिक विधी व परंपरा, आणि परस्परांविषयीची नैतिक जबाबदारी. ही मांडणी उपयुक्त आहे. तथापि ग्राहकासमोर अनेक पर्याय होते आणि त्याने स्वतःची ओळख घडवण्यासाठी त्यांतील एक निवडला, असे ती धरून चालते. भारतीय अनुभव या गृहीतकात सहजी बसत नाही.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे : स्वाराची निष्ठा यंत्राच्या गुणांपेक्षा त्याच्या दोषांभोवती साचलेल्या ज्ञानातून निर्माण होते, त्यामुळे ती उत्पादकाच्या ताब्यात राहत नाही. या प्रतिपादनाची मर्यादा काय, हे शेवटी पाहायचे आहे.

२

प्रथम तीन परिचित पाश्चात्त्य संहिता घेऊ. टी. ई. लॉरेन्सने एकामागून एक सात ब्रफ सुपिरिअर गाड्या वापरल्या आणि आठवीची मागणी नोंदवली होती. १९३५ च्या मे महिन्यात सातवीवरील अपघातातच त्याचा अंत झाला. एकाच मार्क्यावरील निष्ठेचे याहून ठळक उदाहरण विरळाच. परंतु तो आपल्या गाड्यांना राजघराण्याच्या थाटात पहिला जॉर्ज, दुसरा जॉर्ज असे संबोधी. जॉर्ज हे निर्माता ब्रफ याचे पहिले नाव. ‘द मिंट’मध्ये तर गाडी अवतरते ती बोआनर्जेस, म्हणजे मेघगर्जनेचे पुत्र, या बायबलमधील नावाने. मार्क्याचे नाव मागे सरते आणि जवळिकीचे नाव पुढे येते.

एर्नेस्तो गेव्हारा आणि आल्बेर्तो ग्रानादो १९५२ च्या जानेवारीत ज्या गाडीवरून निघाले, ती १९३९ सालची ५०० सीसी नॉर्टन होती. वाचकांच्या स्मरणात नॉर्टन राहत नाही. राहते ‘ला पोदेरोसा’, ती बलशाली. हे बलशाली यंत्र वारंवार मोडते, तारेने बांधले जाते आणि चिलीत कायमचे निकामी होते. पुढचा, म्हणजे अधिक मोठा, प्रवास गाडीविना होतो. मूळ स्पॅनिश शीर्षकात मोटारसायकल नाही. ती आली १९९५ च्या इंग्रजी भाषांतराबरोबर. गाडी मोडल्यावरही शीर्षकात टिकते, याचा अर्थ तिचे मोडणे हाच कथेचा सांधा ठरला.

तिसरी संहिता आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. रॉबर्ट पर्सिगच्या १९७४ सालच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’मध्ये मित्र जॉनच्या गाडीचा मार्का, बीएमडब्ल्यू, ठसठशीतपणे सांगितला जातो. निवेदक स्वतःच्या गाडीचा मार्का मात्र सांगत नाही. (प्रत्यक्ष प्रवासातील ती गाडी होंडा होती, हे चरित्रात्मक माहितीवरून कळते.) जॉनच्या गाडीचे हँडल सैल होते. निवेदक सुचवतो की बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी आत बसवावी. आपल्याकडचा मिस्त्री ज्याला सहजपणे ‘पॅकिंग’ म्हणेल, तेच हे. जॉन दुखावतो. जर्मन अभियांत्रिकीच्या कीर्तिमान गाडीला डब्याचा पत्रा! निवेदकाच्या पुढे ध्यानात येते की पत्र्यावरची छपाई पुसून, ही जर्मनीहून खास मागवलेली पट्टी आहे असे सांगितले असते, तर तीच वस्तू मित्राने आनंदाने स्वीकारली असती.

या प्रसंगात निष्ठेचे दोन प्रकार समोरासमोर येतात. जॉनची निष्ठा चिन्हावर आहे. गाडी बिघडू शकते हेच तो मान्य करीत नाही, म्हणून ती दुरुस्त करणे त्याला अपमानास्पद वाटते. निवेदकाची निष्ठा व्यवहारात आहे; मार्का सांगण्याची त्याला गरज पडत नाही. जॉनचा दृष्टिकोन मूर्खपणाचा नाही, तो वस्तूचे असणे पाहतो आणि आपण वस्तूचा अर्थ पाहतो, ही निवेदकाची कबुली मात्र विसरता कामा नये. जाहिरात जॉनशी बोलते. परंतु ज्या कथा टिकतात, त्या पत्र्याची पट्टी बसवणाऱ्याच्या असतात.

३

भारतात या दोन प्रकारांची सरमिसळ झाली ती टंचाईमुळे. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली. मैसूरमध्ये १९६१ पासून जावा बनू लागली आणि १९७३ पासून तीच परंपरा ‘यझ्दी’ या नावाने पुढे चालली. एस्कॉर्ट्सची राजदूत १९६० च्या दशकात आली. जपानी सहकार्याच्या १०० सीसी गाड्या १९८० च्या दशकाच्या मध्यावर येईपर्यंत मोटारसायकल घेणाऱ्यापुढे मुख्यतः हीच तीन घराणी होती. येथे ‘घराणे’ हा शब्द केवळ अलंकार म्हणून योजलेला नाही. गायकाला घराणे बहुधा गुरूमुळे मिळते आणि मग त्याच्या मर्यादाही लक्षणे म्हणून जपल्या जातात. गाडीचा मार्काही असाच वडिलांकडून, चुलत्याकडून किंवा तालुक्याच्या गावी कोणता मिस्त्री होता यावरून ठरे. निवड आधी आणि निष्ठा नंतर, हा क्रम आपल्याकडे उलटा झाला : गाडी आधी वाट्याला आली आणि तिच्याशी जुळवून घेताना निष्ठा घडली.

जुळवून घेणे म्हणजे काय, हे जुन्या बुलेटच्या किकवरून समजते. अँपिअरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हलकेच दाबायची, डीकॉम्प्रेशनची दांडी ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, दांडी सोडायची आणि मग पूर्ण वजनानिशी किक मारायची. चूक झाली तर किक उलटी बसते आणि पाय सुजतो. ही क्रिया पुस्तकातून येत नाही. कोणीतरी शेजारी उभे राहून शिकवावी लागते. तिला दीक्षा म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असल्यामुळे ही गाडी चालवणारा इतर गाड्यांवर गोंधळे. ज्या ज्ञानाचा अन्यत्र उपयोग नाही, ते ज्ञान माणसाला त्या वस्तूशी बांधून ठेवते.

म्हणूनच दोष दूर केले जातात, तेव्हा निष्ठावंत हळहळतात. १९९४ साली आयशर समूहाने एन्फिल्ड ताब्यात घेतली. पुढील दीड दशकात गिअर डाव्या बाजूस गेला, बटणाने सुरू होण्याची सोय आली आणि बिडाच्या इंजिनाची जागा नव्या इंजिनाने घेतली. तेलगळती कमी झाली. जुन्या स्वारांच्या मते मात्र ‘फायरिंग’ गेले. याउसच्या परिभाषेत, त्यांच्या अपेक्षांचे क्षितिज दोषांसह घडलेले होते. मराठी परंपरेत याला एक बोधक समांतर आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत नवी ओवी घालू नये असे बजावले. तो अधिकार त्यांना संप्रदायाने मान्य केल्यामुळे मिळाला. संहिता शुद्ध करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न जुन्या बुलेटचे मालक कंपनीला विचारीत होते. फक्त त्यांना ती भाषा अवगत नव्हती.

संहिता कर्त्याच्या पश्चात वाचकांकडे राहते, याचा पुरावा यझ्दी देते. मैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. त्यानंतरची दोन दशके या गाड्या चालल्या त्या मिस्त्री, जुन्या बाजारातील पार्ट आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी एकत्र येणारे मालक यांच्या बळावर. २०१८ साली जावा आणि २०२२ साली यझ्दी हे नाव बाजारात परतले, तेव्हा नव्या कंपनीला जी पुण्याई आयती मिळाली, ती कोणत्याही कंपनीने कमावलेली नव्हती.

४

निष्ठेतील ध्वनीचे स्थान स्वतंत्रपणे नोंदवले पाहिजे. मराठीने मोटारसायकलीला दिलेले पहिले लोकनाम ‘फटफटी’ हे ध्वन्यनुकारी आहे. दिल्लीत तर याच नावाचे एक वेगळे वाहन होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या हार्ले-डेव्हिडसन गाड्यांना मागे बाके जोडून केलेल्या फटफट्या चांदणी चौक आणि कॅनॉट प्लेस यांच्या दरम्यान अनेक दशके उतारू वाहत. प्रदूषणाच्या कारणावरून १९९८ साली त्या बंद झाल्या. याच काळात अमेरिकेत हार्ले कंपनी आपल्या इंजिनाचा आवाज व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्यासाठी झगडत होती. तिने १९९४ साली अर्ज केला आणि २००० साली तो मागे घेतला. एकीकडे ध्वनी कंपनीची मालमत्ता ठरवण्याचा खटाटोप, तर दुसरीकडे त्याच यंत्राला मार्का हरवून केवळ ध्वनीचे नाव प्राप्त झालेले. मार्क्याचा अर्थ मार्क्यातच असतो, हे मत या विरोधापुढे टिकत नाही.

हा आवाज निरागस मात्र नाही. एन्फिल्डचे जुने घोषवाक्य गाडीची तुलना बंदुकीशी करीत असे, ‘बुलेट’ या नावातही गोळीच आहे, आणि दसऱ्याला शस्त्रांबरोबर वाहनांची पूजा करणाऱ्या समाजात हे नाव रुजायला वेळ लागला नाही. राजस्थानात पालीजवळ ओम बन्नांच्या स्थानी एका बुलेटचीच पूजा होते. पश्चिम महाराष्ट्रात बुलेटचा आवाज अनेकदा जमीन, जात आणि पुढारीपण यांची वर्दी देतो. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने (२०१६) हे नेमके टिपले. आर्ची बुलेट चालवते, तेव्हा प्रेक्षक तिच्या धीटपणाला दाद देतो, आणि ती देणे योग्यच आहे. परंतु ती गाडी पाटलाच्या वाड्यातून आलेली आहे. परश्याच्या घरातून ती येऊ शकली नसती. ज्या निष्ठेला आपण अभिरुची म्हणतो, तिच्या मुळाशी कधी कधी केवळ वारसा असतो. मुनिरकेच्या परिसरातही बुलेट जमीनदार समाजाच्या रुबाबाशी जोडली जाते. दोन प्रांतांच्या या वाचनांत भाषा वेगळी असली, तरी व्याकरण एकच आहे.

५

आता स्प्लेंडरकडे वळता येईल. हिरो होंडाने १९८५ साली सीडी १०० आणली, तिची जाहिरात पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाची होती. स्प्लेंडर १९९४ साली आली. २००१ साली ही कंपनी जगातील सर्वांत मोठी दुचाकी उत्पादक ठरली. तिचे कार्यालय दीर्घकाळ मुनिरकेसमोरच्या वसंत विहारात, बसंत लोक येथे होते. म्हणजे ज्या गाडीने विसरण्याचे वचन दिले, तिचा कारभार याच परिसरातून चालला.

आमच्या सिद्धान्तानुसार या गाडीवर निष्ठा जडायला नको, कारण ती क्वचित बिघडते आणि बिघडलीच तर कोणीही दुरुस्त करतो. तरीही घरोघरी सामान पोचवणारा, दूध घालणारा किंवा पहाटे पाळीवर जाणारा माणूस एक स्प्लेंडर झिजली की दुसरी घेतो. विचारले तर तो दोन शब्द उच्चारतो : ॲव्हरेज आणि रिसेल. याला आपण हिशेब म्हणून बाजूला सारतो. परंतु ज्याची दिवसाची मजुरी गाडी सुरू होण्यावर अवलंबून आहे, त्याला दोषांवर प्रेम करणे परवडत नाही. दोषांचे कौतुक करण्यासाठी आधी गाडी बंद पडली तरी चालेल, अशी परिस्थिती असावी लागते. लॉरेन्स, पर्सिग आणि बुलेटचा तो विद्यार्थी यांच्या ठायी कमीअधिक प्रमाणात ती होती.

येथे मराठीतील दोन शब्दांचा भेद साहाय्यक ठरतो. ‘निष्ठा’ सांगावी लागते, तिला श्रोता हवा असतो. ‘भरवसा’ मुकाट्याने टाकला जातो. उपभोगाच्या अभ्यासांनी आणि प्रवाससाहित्यानेही निष्ठेचे विपुल दस्तऐवज जमवले. भरवशाचे दस्तऐवज नाहीत. ते आपोआप निर्माण होणारही नाहीत. भरवशाचे साहित्य शोधायचे असेल, तर ते मालकापेक्षा मिस्त्रीच्या बोलण्यात सापडेल. दोन्ही गाड्या उघडतो तो एकटाच. कोणत्या गाडीची क्लच वायर कोणत्या वापराने लवकर तुटते, यावरून तो स्वाराचे आयुष्य वाचत असतो.

या वाचनाला दिल्लीत निकड आहे. पंधरा वर्षांपुढील पेट्रोल वाहने राजधानी परिसरात चालवू नयेत, हा निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम ठेवला. त्याच्या अंमलबजावणीवरून पुढेही वाद झाले, न्यायालयाने काही सवलतीही दिल्या. हवेचा प्रश्न खरा आहे आणि निर्बंधामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु जुन्या गाड्या जातील, तसे त्यांच्या दोषांचे ज्ञानही जाईल, आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या युगात ते ज्ञान मिस्त्रीच्या हातात परत येईल असे दिसत नाही. त्यानंतर मार्क्यावरील निष्ठा उरेल, पण ती जॉनच्या प्रकारची असेल : पत्रा कोणत्या डब्याचा आहे एवढेच विचारणारी.

निबंधाच्या आरंभी विचारलेल्या प्रश्नाला आता उत्तर देता येईल. सोलापूरच्या बुलेटचा मालक निष्ठावान होता आणि स्प्लेंडरचा मालकही होता. पहिल्याने आपली निष्ठा बोलून दाखवली, दुसऱ्याने किल्ली ठेवून. तौलनिक साहित्याभ्यासाने पहिल्याचे शब्द वाचायला कधीच शिकून घेतले आहे. दुसऱ्याची किल्ली वाचण्याची पद्धत अद्याप घडवायची आहे.