रेस्क्यू पेनड्राइव्ह : पाककृती की प्रयोग?

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाईलमुळे जगभरातील विंडोज प्रणालीचे संगणक सुरू होईनासे झाले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या सुमारे ८५ लाख होती. विमानसेवा, रुग्णालये, बँका अडल्या. भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. वास्तविक बिघाड लहान होता. ती एक फाईल पुसली की संगणक पूर्ववत होणार होता. पण जो संगणक सुरूच होत नाही, त्यातली फाईल पुसायची कशी? त्यासाठी संगणक बाहेरून, म्हणजे पेनड्राइव्हवरून सुरू करावा लागतो. मायक्रोसॉफ्टने एक-दोन दिवसांतच असा पेनड्राइव्ह बनविण्याचे साधन उपलब्ध करून दिले. तरीही ज्यांची हार्ड डिस्क कुलूपबंद होती, त्यांना आधी ४८ अंकी किल्ली शोधावी लागली.

शाळेच्या कार्यालयातला संगणक यापेक्षा फार वेगळा नाही. निकालपत्रके, दाखल्यांच्या नोंदी, प्रश्नपत्रिका हे सारे पुष्कळदा त्या एकाच यंत्रात असते. तो ऐन एप्रिलमध्ये बंद पडला की दुरुस्तीला आलेला माणूस म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." या वाक्याला दुसरा पर्याय आहे की नाही, हे अनेकदा एका बूटेबल पेनड्राइव्हवर अवलंबून असते. विंडोज बिघडली म्हणजे फायली गेल्या असे नव्हे. बाहेरून संगणक सुरू करून त्या दुसरीकडे उतरवून घेता येतात.

असा पेनड्राइव्ह बनविण्याची साधने आज फुकट मिळतात, त्यांची माहितीही मुबलक आहे. आमचा आक्षेप त्या माहितीच्या स्वरूपाविषयी आहे. ती पाककृतीसारखी लिहिलेली असते : हे उतरवून घ्या, ते निवडा, 'स्टार्ट' दाबा, झाले. पदार्थ बिघडला तर कोणत्या पायरीवर बिघडला हे पाककृती सांगत नाही, आणि तो चाखून पाहा असेही इथे कोणी म्हणत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला ही त्रुटी लगेच जाणवावी. प्रयोगशाळेत कोणतेही उपकरण अज्ञात नमुन्याला लावण्यापूर्वी ते ज्ञात नमुन्यावर पडताळून घेतात. रेस्क्यू पेनड्राइव्हला हाच नियम लावला पाहिजे.

त्यासाठी संगणक सुरू होताना काय घडते, ते क्रमाने पाहू. ही पाच कड्यांची साखळी आहे. पहिली कडी म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये कायमचा बसविलेला प्रोग्रॅम. जुन्या यंत्रांत बायोस, नव्यांत यूईएफआय. दुसऱ्या कडीत हा प्रोग्रॅम कोणत्या साधनावरून सुरुवात करायची ते ठरवतो. आपण कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप कळ दाबून ही निवड बदलू शकतो. तिसरी कडी म्हणजे त्या साधनावरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम. बायोस तो पहिल्या ५१२ बाइटमध्ये शोधते आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये ठरावीक खूण आहे का ते पाहते. यूईएफआय मात्र फॅट पद्धतीने आखलेल्या भागात, 'ईएफआय' फोल्डरच्या आतल्या 'बूट' फोल्डरमध्ये, ठरलेल्या नावाची फाईल शोधते. 'सिक्युअर बूट' चालू असेल तर त्या फाईलवर मान्य सही आहे का, हेही तपासले जाते. चौथ्या कडीत पेनड्राइव्हवरची प्रणाली स्मृतीत चढते. पाचव्या कडीत त्या प्रणालीला संगणकातली हार्ड डिस्क दिसते आणि वाचता येते.

साखळी डोळ्यांपुढे असली की बहुतेक तक्रारी आपोआप जागेवर बसतात. निवडीच्या यादीत पेनड्राइव्हचे नावच नाही? दोष दुसऱ्या किंवा तिसऱ्या कडीत आहे. पोर्ट बदलून पाहावे. तरीही नसेल, तर पेनड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने बनविलेला आणि संगणक केवळ यूईएफआय मानणारा, अशी जोडी असू शकते. नाव दिसते पण सुरक्षेचा इशारा येऊन काम थांबते? मग सही नाकारली गेली आहे. मेन्यू येतो आणि पुढे पडदा गोठतो? चौथी कडी : उतरवलेली फाईल अपुरी, पेनड्राइव्ह सदोष किंवा संगणकाची रॅम खराब. सारे सुरळीत, पण हार्ड डिस्क दिसतच नाही? पाचवी कडी : ड्रायव्हर नाही, किंवा डिस्कच गेली आहे. दिसते पण उघडत नाही, तर बहुधा ती कुलूपबंद आहे. शोध घेताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर चालला, तर दोष पेनड्राइव्हमध्ये नाही, एवढे नक्की कळते. पोर्ट, पेनड्राइव्ह आणि सेटिंग तिन्ही एकदम बदलणाऱ्याला यश मिळाले तरी ज्ञान मिळत नाही.

आता प्रचलित साधनांकडे या दृष्टीने पाहू.

विंडोजचे स्वतःचे 'रिकव्हरी ड्राइव्ह' हे साधन बनवायला सर्वांत सोपे आहे. पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसले जाईल, ही सूचना त्यात स्पष्ट मिळते. वर्षातून एकदा तो नव्याने बनवावा, असा मायक्रोसॉफ्टचा सल्ला आहे आणि तो योग्यच आहे. आमची तक्रार नावाबद्दल आहे. 'रिकव्हरी' म्हटल्यावर शिक्षकाला वाटते, माझ्या फायली परत मिळतील. हे साधन परत आणते ती विंडोज. त्यातल्या 'ड्राइव्हवरून पूर्ववत करा' या मार्गाने गेल्यास वैयक्तिक फायली आणि नंतर घातलेले प्रोग्रॅम पुसले जातात. संकटात सापडलेल्या माणसाला असे नाव दिशाभूल करणारे ठरते.

'रुफस' हे छोटे साधन कामाला चोख आहे. ते नेहमीच्या मांडणीत हार्ड डिस्कची नावे यादीत दाखवतच नाही, त्यामुळे चुकून भलतीच डिस्क पुसली जाण्याचा धोका कमी होतो. फॅट३२ पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाईल मावत नाही, आणि विंडोजच्या संचात अशी फाईल असू शकते. नुसती कॉपी करणारा इथेच अडखळतो. रुफसने त्यावर तोड काढली आहे. मात्र ते वापरणाऱ्याला एमबीआर की जीपीटी, बायोस की यूईएफआय असे प्रश्न विचारते. हे प्रश्न तिसऱ्या कडीचे आहेत, हे न सांगता पाककृती लिहिणारे "जे आहे तेच राहू द्या" असे सांगून मोकळे होतात. मग तोच पेनड्राइव्ह कार्यालयात चालतो आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर चालत नाही.

२०२० साली आलेल्या 'व्हेंटॉय'ने मोठी सोय केली. पेनड्राइव्ह एकदा तयार केला की पुढे आयएसओ फायली नुसत्या कॉपी करायच्या. सुरू करताना त्यांची यादी येते, हवी ती निवडायची. एका पेनड्राइव्हवर चार साधने बाळगता येतात, हे शाळेच्या दृष्टीने उत्तम. पण या सोयीची किंमत आहे. साखळीत आणखी एक कडी वाढते, आणि बिघाड व्हेंटॉयचा की आयएसओचा हे ठरविण्याचे काम मागे लागते. सिक्युअर बूट चालू असलेल्या प्रत्येक नव्या संगणकावर पहिल्या वेळी त्याची किल्ली नोंदवावी लागते. तो निळा पडदा आणीबाणीत प्रथमच पाहिला, तर माणूस घाबरून बंदचे बटण दाबतो.

'सिस्टमरेस्क्यू' या लिनक्सवर आधारित संचाबद्दल आमचे मत सर्वांत अनुकूल आहे, कारण तो दुरुस्तीआधी तपासणीची साधने हाती देतो. रॅम तपासणारे मेमटेस्ट, हरवलेले विभाग शोधणारे टेस्टडिस्क आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कची प्रत घेणारे डीडीरेस्क्यू त्यात आहेत. डीडीरेस्क्यूची रीत शिकण्यासारखी आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते, वाईट जागा मागे ठेवते आणि मग त्यांच्याकडे वळते. कोणता भाग झाला याची नोंदही ते ठेवते. आधी प्रत, मग दुरुस्ती, हा क्रम पाळला नाही तर दुरुस्तीच उरलेसुरले घालवते. उणीव अशी की यातले बरेच काम कळफलकावर आज्ञा लिहून करावे लागते, आणि आज्ञेत मूळ डिस्क व प्रतीची डिस्क यांची अदलाबदल झाली तर परिणाम भयंकर होतो.

आमचा सर्वांत गंभीर आक्षेप एका छोट्या वाक्यावर आहे. पेनड्राइव्ह सुरू होत नसेल तर "सिक्युअर बूट बंद करा," असे बहुतेक ठिकाणी सहज सांगितलेले आढळते. हार्ड डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर हा बदल केल्यावर विंडोज ४८ अंकी किल्ली मागू शकते. २०२४ अखेरच्या विंडोज ११ आवृत्तीपासून, नव्याने विंडोज घातलेल्या अनेक संगणकांवर असे कुलूप आपोआप लागते, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. किल्ली सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. पण ते खाते बदली होऊन गेलेल्या सहकाऱ्याचे असेल तर? म्हणून प्रथम किल्ली कागदावर उतरवून घ्यावी, मगच सेटिंगला हात लावावा.

पेनड्राइव्ह जुना होतो, हेही पाककृतीत नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुधारणेने जुन्या लिनक्स बूट-प्रोग्रॅमांची मान्यता काढून घेतली, आणि आदल्या दिवसापर्यंत चालणाऱ्या काही लिनक्स प्रणाली व सीड्या सुरक्षेचे कारण देत थांबल्या. मायक्रोसॉफ्टने २०११ साली दिलेल्या सिक्युअर बूट प्रमाणपत्रांची मुदतही जून २०२६ पासून संपू लागते. म्हणजे कपाटात न हलवता ठेवलेला पेनड्राइव्हही बाद होऊ शकतो.

तेव्हा पाककृतीत या चार ओळी जोडाव्यात, अशी आमची सूचना आहे. आयएसओ उतरवल्यावर तिचा ६४ अक्षरांचा एसएचए-२५६ अंक संकेतस्थळावरील अंकाशी ताडून पाहावा. पेनड्राइव्ह चांगल्या चालणाऱ्या संगणकावर सुरू करावा आणि हार्ड डिस्कवरची एक साधी फाईल उघडून दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवावी. तेवढे जमले तरच पाचही कड्या शाबूत आहेत. पेनड्राइव्हला चिठ्ठी बांधून तिच्यावर तारीख, संगणकाचे नाव आणि बूट-मेन्यूची कळ लिहावी. कुलपाची किल्ली मात्र त्या चिठ्ठीवर नको. ती मुख्याध्यापकांच्या कपाटात असावी.

नववी-दहावीच्या मुलांकडून एका तासात हा प्रयोग करून घेता येईल. शाळेतला एखादा जुना, रिकामा संगणक घ्यावा, शिक्षकाने मुद्दाम एक कडी तोडावी आणि ती कोणती हे मुलांनी शोधावे. निरीक्षण, तर्क, एका वेळी एक बदल आणि नोंद, सारे त्यात येते. आणि एक लक्षात ठेवावे : रेस्क्यू पेनड्राइव्ह ही फायलींची प्रत नव्हे. डिस्कच पूर्ण गेली तर कोणताही पेनड्राइव्ह तिला बोलती करणार नाही. निकालपत्रकांची वेगळी प्रत दर शनिवारी काढणाऱ्या शाळेला या लेखाची गरज कमीत कमी पडेल.