‘किती प्रोटीन सापडली?’ एवढंच विचारू नका

सीरमवर काम करायचं ठरवलंत की पहिल्याच आठवड्यात अल्ब्युमिन आडवं येतं. एका मिलिलिटरमध्ये ते ३५ ते ५० मिलिग्रॅम असतं. तुम्ही शोधताय ते इंटरल्युकिन-६ निरोगी माणसात जेमतेम काही पिकोग्रॅम. जवळजवळ हजार कोटीपट फरक! म्हणून नमुना आधी सोपा करून घ्यायचा. त्याच्या पद्धतींची तुलना करणारे पेपर तुम्ही वाचालच. मी वाचलेल्यांपैकी बरेचसे शेवटी प्रोटीनची संख्या मोजून विजेता जाहीर करतात, आणि माझा आक्षेप नेमका इथेच आहे.

अँटीबॉडी कॉलमचं घ्या. विपुल असलेली १४ प्रोटीन तो पकडून ठेवतो. झकास वाटतं ना? पण २०१० मध्ये डॅनियल लीब्लर यांच्या गटाने हे तपासलं, तेव्हा सापडलेली प्रोटीन फक्त २५ टक्क्यांनी वाढली होती. डिप्लीशननंतरही सुमारे ९० टक्के सिग्नल ५० विपुल प्रोटीनच खात होती. शिवाय अल्ब्युमिन एकटं जात नाही, अंगाला चिकटलेले पेप्टाइड आणि छोटी प्रोटीनही सोबत नेतं. पहिल्या वर्षी मी कॉलमला चिकटलेला तो भाग बिनधास्त बेसिनमध्ये ओतायचो. तीन महिन्यांचे नमुने. माझं प्रोटीन त्यातच गेलं का, हे आता कळायला मार्ग नाही.

हेक्सापेप्टाइडचे मणी वेगळं करतात. एसटीत प्रत्येक गावाला चार-चारच सीटा राखून ठेवाव्यात, तसं. दुर्मीळ प्रोटीन वर येतात, संख्या फुगते, आलेख देखणा दिसतो. पण रुग्णात हॅप्टोग्लोबिन दुप्पट झालं असेल तर? सीटा आधीच भरलेल्या, मण्यांना फरक दिसणारच नाही. आणि सीरमही भरपूर लागतं, लहान मुलांच्या नमुन्यांत ते कुठून आणणार?

अॅसिटोनायट्रिल स्वस्त. मोठी प्रोटीन साका होऊन खाली बसतात, अल्ब्युमिनला चिकटलेले पेप्टाइड सुटून वर राहतात. संख्येच्या शर्यतीत ही पद्धत मागे पडते, पण छोटे पेप्टाइड शोधायचे असतील तर मी आधी हीच वापरेन. मोठं प्रोटीन हवं असेल तर मात्र अजिबात नको.

तुलनेचा पेपर हातात आला की आधी बघा: एकच नमुना पाच वेळा केल्यावर आकडे जुळले का? टाकून दिलेला भाग तपासला का? माझा तो भाग हल्ली उणे ८० च्या फ्रीजरमध्ये असतो. जागेवरून लॅबमध्ये भांडणं होतात, होऊ देत.