देवमाशाचे चित्र

हर्मन मेलव्हिलची ‘मोबी-डिक’ ही कादंबरी १८५१ साली प्रसिद्ध झाली. तिची प्रकरणे १३५; शिवाय उपसंहार. अमेरिकेतील ‘क्लासिक कॉमिक्स’ मालेने १९४२ मध्ये तिची चित्रकथा केली आणि त्यानंतरही अनेकांनी तो प्रयत्न केला. अशा वेळी, मूळ ग्रंथातील किती भाग गाळला, एवढाच हिशेब रसिक मांडतात. वकील या नात्याने मलाही ८९ व्या प्रकरणाची हळहळ वाटते. दोरीने जखडलेला मासा जखडणाऱ्याचा, सुटा मासा प्रथम पकडील त्याचा, या दोन नियमांवर तेथे राज्यांची मालकीही तपासली आहे; इंग्लंडच्या लेखी हिंदुस्थान हा सुटा मासाच होता, हे मेलव्हिलने त्या काळी लिहून ठेवले. पण गाळण्याचा दोष मी गौण मानतो. खरी अडचण निराळीच आहे.

देवमाशाचे यथार्थ चित्र काढताच येत नाही, असे या ग्रंथाचे स्वतःचे म्हणणे आहे. त्याचा प्रचंड देह पाण्याखाली असतो; जिवंतपणी तो संपूर्ण कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. ५५ व्या प्रकरणात चुकीच्या चित्रांची झडती घेताना मेलव्हिल थेट आपल्या घारापुरीपर्यंत येतो. तेथील मत्स्यावताराचे शेपूट खऱ्या देवमाशाचे नव्हे, असा त्याचा आक्षेप! घारापुरीचे मुख्य लेणे शैव आहे, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. आणि मनूच्या त्या माशाची तर कथाच अशी की, घटात ठेवला तर घट अपुरा पडला, खड्ड्यात सोडला तर खड्डा. अखेर त्यास समुद्रातच न्यावे लागले.

चित्रकथेची चौकट म्हणजे तसाच एक घट. कादंबरीत मोबी-डिक प्रत्यक्ष दिसतो तो शेवटच्या तीन प्रकरणांत; तोवर त्याची केवळ वदंता वाढत जाते. पुष्कळशा चित्रकथा मात्र त्याला मुखपृष्ठावरच आणून बसवतात. साक्षीपुरावा होण्यापूर्वीच निकाल वाचून दाखवावा, तसे हे झाले! मग आहाबचा सूड म्हणजे एका मोठ्या माशाची शिकार, एवढाच अर्थ मुलांच्या हाती उरतो.

क्रिस्तोफ शाबूते या फ्रेंच चित्रकाराने २०१४ मध्ये दोन भागांत केलेली चित्रकथा मला या सर्वांत सरस वाटते. (देवमाशांच्या शिकारीची उत्तम चित्रे फ्रेंचांचीच, असा निर्वाळा मेलव्हिलनेही दिला होता, हा योगायोग गमतीचा.) तो रंग वापरीत नाही. पानेच्या पाने शब्दावाचून जातात. समुद्र, दोरखंड, खलाशांचे चेहरे, एवढेच दिसते. इश्माएलचे चिंतन त्याने जवळजवळ सोडून दिले आहे आणि ती हानी मोठी आहे. परंतु पांढऱ्या रंगाच्या भयावर मेलव्हिलने ४२ वे प्रकरण खर्ची घातले, ते भय येथे शाई न लागलेल्या कोऱ्या कागदातून जाणवते.