हळद, विषाद आणि तृतीया विभक्ती

‘हळदीने नैराश्य बरे होते’ अशा धर्तीची विधाने आरोग्यविषयक लोकप्रिय लेखनात वारंवार आढळतात. खंडाळ्यापासून सांगलीपर्यंतच्या प्रदेशात ती चटकन पटतात. कारण हळद तेथे घरोघरी औषध म्हणून परिचित आहे, आणि सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकनही लाभले आहे. परंतु मूळ पुराव्याशी ताडून पाहिल्यास ह्या विधानातील प्रत्येक पद सदोष ठरते.

प्रथम ‘हळदीने’ हे पद. चाचण्या झाल्या त्या हळदीच्या नव्हेत, तर तिच्यातून काढलेल्या कर्क्युमिनच्या. हळदीत हे द्रव्य वजनाने सुमारे ३ टक्के असते, आणि ते शरीरात फारच अल्प शोषले जाते. भावनगर येथील २०१४ च्या चाचणीत रोज १००० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिले होते. तेवढे मिळण्यास तीस ग्रॅमांहून अधिक हळद लागेल. तृतीयेचा ‘ने’ हा प्रत्यय साधन सांगतो, मात्रा सांगत नाही.

दुसरे पद ‘नैराश्य’. चरकसंहितेत ‘विषाद’ हा ऐंशी वातविकारांत गणला आहे; आधुनिक चाचण्यांत मात्र हॅमिल्टनने १९६० साली मांडलेल्या श्रेणीसारख्या मापांनी लक्षणांची तीव्रता मोजतात. ह्या दोहोंस एकाच शब्दाने संबोधिल्यास प्राचीन ग्रंथाचे प्रामाण्य अर्वाचीन निष्कर्षास फुकट मिळते.

तिसरे ‘बरे होते’. साधा वर्तमानकाळ येथे त्रिकालाबाधित सत्य सुचवितो. भावनगरच्या ६० रुग्णांत, सहा आठवड्यांअंती, कर्क्युमिन व फ्लुऑक्सेटीन ह्यांच्या परिणामांत लक्षणीय फरक दिसला नाही. परंतु तेथे निरौषध गोळीचा तुलनागट नव्हता. शिवाय ‘फरक आढळला नाही’ म्हणजे ‘दोन्ही समान आहेत’ असे नव्हे. त्याच वर्षीच्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत असा गट होता. तिच्या ५६ व्यक्तींत पहिले चार आठवडे फरक नव्हता, पुढील चार आठवड्यांत काही लक्षणांत सुधारणा दिसली.

तात्पर्य, पुराव्यास धरून असलेले वाक्य असे होईल : ‘कर्क्युमिन घेतलेल्या काही रुग्णांची लक्षणे लहान चाचण्यांत कमी झाली.’ हे वाक्य लांब आहे, आकर्षक नाही. तथापि आखूड वाक्यावर विसंबून एखाद्या रुग्णाने चालू औषध सोडले, तर त्या संक्षेपाची किंमत लेखकास नव्हे, रुग्णास मोजावी लागते.